पेशंट सोपवला, काळजी राहून गेली

"सात नंबर. अपेंडिक्सचा संशय आहे. स्टेबल. दुखणं कमी झालंय आता. सकाळी सर बघून ठरवतील. आठ नंबर…"

सात नंबरच्या वाट्याला एवढंच आलं. आम्ही दोघं लिफ्टच्या दाराशी उभे होतो. सांगणारा माझ्याच बॅचचा, आदल्या सकाळपासून ड्युटीवर होता. त्याच्या एका हातात बॅग होती आणि दुसऱ्या हाताने तो अधूनमधून लिफ्टचं बटण दाबत होता. बावीस पेशंट पंधरा मिनिटांत माझ्या नावावर झाले. सातच्या पुढे मी 'अपें., स्टे., सकाळी सर' असं खरडलं आणि कागदाची घडी ॲप्रनच्या खिशात टाकली.

रात्री अडीच वाजता सिस्टरांचा फोन आला. सात नंबरचं वरचं बीपी ८४. जाऊन बघतो तर पोट फळीसारखं कडक, हातपाय गार. अपेंडिक्स फुटलं होतं, आणि बहुधा संध्याकाळीच. फुटल्यावर आतला ताण सुटतो आणि थोडा वेळ दुखणं उतरतं, हे आम्ही दोघांनीही एकाच पुस्तकात वाचलेलं होतं. तरी "दुखणं कमी झालंय" हे वाक्य मी चांगली बातमी म्हणून ऐकलं.

पेशंट वाचला, पण आयसीयूत आठवडा काढून. दुसऱ्या दिवशी मित्राला गाठलं. तो म्हणाला, "मला वाटलंच होतं काहीतरी बिनसतंय. नाडी चढत होती त्याची. चार वाजता ८८, सहाला ९६, मी निघालो तेव्हा १०८."

"मग बोलला का नाहीस?"

"अरे, वाटत होतं. पण सांगण्यासारखं काही नव्हतं."

या उत्तराला आता बरीच वर्षं झाली. आज मी स्वतः नव्या डॉक्टरांना शिकवतो आणि माझ्या मते या विषयातलं सगळं दुखणं त्या एका वाक्यात आहे. मराठीत 'काळजी' हा शब्द दोन कामं करतो. पेशंटची काळजी घ्यायची, म्हणजे औषध, सलाईन, तपासण्या बघायच्या. आणि पेशंटची काळजी वाटते, म्हणजे मनात काहीतरी टोचत राहतं. ड्युटी बदलताना पहिली काळजी कागदावरून पुढच्याकडे जाते. दुसरी सांगणाऱ्याच्या डोक्यातच राहते आणि त्याच्याबरोबर लिफ्टने खाली उतरते. नव्या डॉक्टरला हँडओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंट पुढच्याकडे सोपवणं, शिकवायचं तर ही दुसरी काळजी शब्दांत मांडायला, आणि घेणारा असेल तर ती समोरच्याकडून काढून घ्यायला शिकवलं पाहिजे. शिकवलं जातं ते बहुतेक वेळा यादी वाचणं. पुष्कळ ठिकाणी तेही नाही.

तुलनाच करायची तर साधी सलाईन लावण्याशी करू. शिरेत पहिली सुई घालताना नव्या मुलाच्या शेजारी कोणीतरी उभं असतं. सुई चुकली तर रक्त दिसतं, हात सुजतो, पेशंट ओरडतो. चूक केली त्याच क्षणी चूक कळते, म्हणून पन्नास सुयांनंतर हात बसतो. हँडओव्हरचं असं काही नाही. तो दिवसातून दोनदा-तीनदा होतो, आणि तो होताना वरिष्ठांपैकी कोणी जवळ उभं राहून ऐकत नाही. मुख्य म्हणजे चूक उघडी पडते तेव्हा ती करणारा घरी झोपलेला असतो. सकाळी तो येतो तोवर पेशंट आयसीयूत हललेला असतो, कागद फाटलेला असतो, आणि रात्रभर धावपळ केलेल्या माणसाला "तू मला नीट सांगितलं नव्हतंस" असं म्हणायचंही त्राण उरलेलं नसतं.

"अनुभवाने येतं ते" असं माझ्या पिढीतले अनेकजण म्हणतात. त्यांच्याशी माझं इथेच पटत नाही. अनुभव शिकवतो, पण चुकीचं बिल आपल्याच पत्त्यावर येत असेल तरच. इथे बिल दुसऱ्याच्या नावावर फाटतं. अशा कामात वीस वर्षांचा अनुभव म्हणजे एकच सवय वीस वर्षं घोटलेली, असंही होऊ शकतं. मला सगळ्यात निष्काळजी हँडओव्हर ज्यांनी दिले त्यांत नवखे कमी होते आणि मुरलेले जास्त. त्यांना स्वतःला इतकं काही स्पष्ट दिसत असतं की ते समोरच्यालाही दिसतंय असं ते धरून चालतात.

हा भ्रम मोजूनही झालेला आहे. शिकागो विद्यापीठाच्या बालरुग्णालयात शिकाऊ डॉक्टरांच्या हँडओव्हरचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ड्युटी सोपवणाऱ्याला विचारलं, या पेशंटबद्दलची सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणती? मग घेणाऱ्याला विचारलं, तुम्हाला काय कळलं? ६० टक्के वेळा ती सर्वांत महत्त्वाची गोष्ट पलीकडे पोचलेलीच नव्हती. सोपवणाऱ्याला मात्र आपण ती व्यवस्थित सांगितली असं वाटत होतं.

याच्या मुळाशी असलेला प्रयोग १९९० चा, स्टॅनफर्डमध्ये एलिझाबेथ न्यूटन यांनी केलेला. ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्म्या वेळा तरी ओळखतील. १२० पैकी ओळखली गेली ती ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सूर, शब्द, तबला सगळं चालू असतं. ऐकणाऱ्याला नुसती टकटक. मी हा खेळ वर्गात दर वर्षी खेळवतो. मुलं हसतात. मग मी विचारतो, "काल रात्री 'स्टेबल' हा शब्द किती जणांनी वाजवला?"

'स्टेबल' या शब्दावर माझा वैयक्तिक राग आहे, तो इथे सांगून टाकतो. सगळं ठीक असताना स्टेबल. व्हेंटिलेटरवर आहे पण सकाळइतकाच वाईट आहे, तेव्हाही स्टेबल. मला नीट बघायला वेळ झाला नाही, तेव्हा तर हमखास स्टेबल. माझ्या मित्राने १०८ नाडीच्या पेशंटला स्टेबल म्हटलं तेव्हा तो खोटं बोलत नव्हता. बीपी चांगलं होतं. नाडीचे तीन आकडे केस पेपरवर लिहिलेलेही होते. त्याला त्या आकड्यांतून जी चढण दिसत होती, तिच्यासाठी त्याच्याजवळ वाक्य नव्हतं, कारण आम्हाला निष्कर्ष सांगायला शिकवलं होतं, शंका सांगायला नव्हतं. शंका बोलून दाखवली की पुढचा प्रश्न येणार, "मग तू काय केलंस?" आणि त्याचं उत्तर "काही नाही" असं असेल तर माणूस शंका गिळून टाकतो.

इथे एक जुना वाद मध्ये येतो. तो टाळला तर ज्येष्ठ मंडळी हा लेख इथेच मिटतील. ते म्हणतात, मुळात इतक्या वेळा पेशंट हातातून हातात जाऊच नये. आम्ही सलग छत्तीस तास काम करायचो, पेशंट आमचाच असायचा, त्यामुळे सोपवण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बॉस्टनमधल्या एका अभ्यासात, पेशंटची माहिती नसलेला, दुसऱ्या टीमचा डॉक्टर जेव्हा तात्पुरता बघत होता, तेव्हा टाळता येण्याजोग्या दुर्घटनेची शक्यता सुमारे सहापट दिसली होती. पण दमलेल्या डॉक्टरचंही गणित झालेलं आहे. २००४ मध्ये लँड्रिगन आणि सहकाऱ्यांनी आयसीयूतल्या इंटर्नवर केलेल्या अभ्यासात, २४ तास आणि त्याहून लांब पाळ्या असलेल्या जुन्या वेळापत्रकात गंभीर चुका ३६ टक्के जास्त झाल्या.

अमेरिकेत हा झोका दोन्ही बाजूंना गेलेला दिसतो. लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या रुग्णालयात दगावली आणि रात्रभर काम करणाऱ्या, देखरेख नसलेल्या शिकाऊ डॉक्टरांचा प्रश्न चव्हाट्यावर आला. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली, २००३ मध्ये ती देशभर आली, २०११ मध्ये पहिल्या वर्षाच्या डॉक्टरांची सलग पाळी १६ तासांवर आणली, आणि २०१७ मध्ये ती सोळा तासांची अट काढून पुन्हा २४ वर नेली. पाळी वाढवण्याच्या बाजूने दिलेल्या कारणांत एक हेही होतं की लहान पाळ्यांमुळे हँडओव्हर वाढतात.

मला हे कारण विचित्र वाटतं. पुलाचे कठडे ढिले आहेत म्हणून लोकांनी नदी पोहून पार करावी, असं आपण म्हणत नाही. आणि छत्तीस तासांनंतरही हँडओव्हर होतोच की! तो होतो तेव्हा देणारा डोळे उघडे ठेवून झोपलेला असतो. माझा मित्र त्या संध्याकाळी लिफ्टचं बटण का दाबत होता, ते मला आज कळतं.

मग शिकवल्याने फरक पडतो का? पडतो, आणि हे ठामपणे म्हणता येईल इतका पुरावा आहे. 'आय-पास' या हँडओव्हरच्या पद्धतीचा मोठा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिका आणि कॅनडातली ९ रुग्णालयं, बालरोग विभागाचे निवासी डॉक्टर, १०,७४० पेशंट. प्रशिक्षणानंतर वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोग्या इजा ३० टक्क्यांनी कमी झाल्या. वेळ वाढला का? एका पेशंटमागे बोलण्याचा वेळ आधी सरासरी २.४ मिनिटं होता, नंतर २.५. "एवढं सगळं बोलायला वेळ कुठे आहे" असं म्हणणाऱ्यांसमोर मी हे दोन आकडे ठेवतो. अर्थात बावीस पेशंट पंधरा मिनिटांत उरकणाऱ्या आमच्या लिफ्टसमोर अडीच मिनिटं ही चैनच होती, हेही कबूल. ती वेळ पाळीतच धरलेली असावी लागते. दोन पाळ्या एकमेकींवर अर्धा-पाऊण तास चढलेल्या असाव्या लागतात. वेळापत्रकात आठ वाजता एक संपतो आणि आठ वाजताच दुसरा सुरू होतो, तेव्हा हँडओव्हरसाठी शून्य मिनिटं मंजूर झालेली असतात आणि बाकीची कोणाच्या तरी झोपेतून कापली जातात.

आय-पासची पाच अंगं आहेत: पेशंट किती गंभीर आहे ते आधी, मग थोडक्यात हकिकत, मग करायची कामं, मग काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर काय करायचं, आणि शेवटी घेणाऱ्याने हे सगळं स्वतःच्या शब्दांत परत सांगणं. पहिली तीन लोक लवकर उचलतात. ती फॉर्मवर बसतात. चौथं आणि पाचवं गाळलं जातं, आणि माझ्या लेखी खरा हँडओव्हर तिथेच असतो.

चौथ्याचं उदाहरण म्हणून माझीच एक चूक. किडनीच्या एका पेशंटला सोडून जाताना मी म्हणालो, "पोटॅशियमचा रिपोर्ट यायचाय, बघून घे." ज्याला म्हणालो त्याने बघितला. ६.१ आलं होतं. त्याने ते प्रामाणिकपणे केस पेपरवर लिहिलं आणि खाली सही केली. सकाळी मी उसळलो, तर तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही बघ म्हणालात. मी बघितलं." तो तिथे तीन आठवड्यांपूर्वी रुजू झालेला होता. माझ्या डोक्यात 'बघ' म्हणजे साडेपाचच्या आत असेल तर सोड, सहाच्या वर गेलं तर लगेच ईसीजी काढ, औषध सुरू कर आणि किडनीच्या मॅडमना फोन लाव, कितीही वाजलेले असोत, मी त्यांना सांगून ठेवलंय. एवढं सगळं मी दोन अक्षरांत कोंबलं होतं. पेशंटच्या नशिबाने काही झालं नाही. तेव्हापासून माझ्याकडे शिकणाऱ्यांना 'बघ' या क्रियापदाने वाक्य संपवायला बंदी आहे. 'बघ' नंतर 'आणि इतकं आलं तर' हे आलंच पाहिजे.

"मी सांगून ठेवलंय" या शेवटच्या तुकड्याकडेही लक्ष द्या. नव्या डॉक्टरला मध्यरात्री वरिष्ठांना उठवायची भीती वाटते, हे आपण सगळे जाणतो, आपल्यालाही वाटायची. जाणाऱ्याने ती परवानगी आधीच मिळवून ठेवली आणि हँडओव्हरबरोबर हातात दिली, तर रात्री अडीचला फोन उचलणं निम्म्याने सोपं होतं. असलं काही कुठल्या फॉर्मच्या रकान्यात नसतं. ते दुसऱ्याला करताना बघूनच कळतं.

पाचवं अंग त्याहून अवघड, कारण त्यात घेणाऱ्याला तोंड उघडावं लागतं. आपली सगळी शिकवण देणाऱ्यावर रोखलेली असते: नीट सांग, क्रमाने सांग, लिहून दे. घेणारा म्हणजे जणू पोस्टाची पेटी. तो मान हलवतो, "हं, हं" करतो, लिहून घेतो. अमेरिकेतल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००६ साठी जे उद्दिष्ट घातलं, त्यात ठरावीक पद्धतीबरोबरच प्रश्न विचारायची आणि उत्तर मिळायची संधी असावी, असं स्पष्ट म्हटलं होतं. संधी तर बहुतेक ठिकाणी असते. प्रश्न नसतो. कनिष्ठ असाल तर विचारणं म्हणजे अज्ञान उघडं करणं, आणि बरोबरीचे असाल तर विचारणं म्हणजे समोरच्या दमलेल्या माणसाला आणखी पाच मिनिटं अडकवणं. म्हणजे भिडस्त माणूस गप्प बसतो आणि भला माणूसही गप्प बसतो.

परत सांगणं म्हणजे पोपटपंचीही नव्हे. "सात नंबर, अपेंडिक्स, स्टेबल, सकाळी सर" हे मी त्या रात्री शब्दशः परत म्हटलं असतं तरी काही बदललं नसतं. पण मी जर म्हणालो असतो, "म्हणजे संशय अपेंडिक्सचा आहे आणि दुखणं आपोआप कमी झालंय, इंजेक्शनने नाही ना? मग नाडी किती आहे?" तर तो बॅग खाली ठेवून थांबला असता. एवढं नक्की. कारण त्याला तेच बोलायचं होतं, फक्त कोणी विचारलं नव्हतं. चांगला घेणारा शंकेला वाट करून देतो. मी मुलांना एक प्रश्न तोंडपाठ करायला लावतो: "यातला कोणता पेशंट डोक्यात घेऊन तू घरी जाणार आहेस?" प्रश्न थोडा नाटकी आहे, मान्य आहे. पण त्याला "सगळे स्टेबल" हे उत्तर देताच येत नाही.

आणि घेणाऱ्याने संशय घ्यायलाही शिकलं पाहिजे, कारण हँडओव्हरमध्ये माहितीबरोबर शिक्केही पुढे जातात. "तो चार नंबर रोज ओरडतो, लक्ष देऊ नकोस." "नातेवाईक कटकटे आहेत." "ड्रग मागायला येतो." एका दमलेल्या माणसाने दुपारी मारलेला शिक्का तीन पाळ्यांनंतर निदान होऊन बसतो आणि कोणी मारला ते कोणालाच आठवत नाही. चार नंबर खरंच रोज ओरडत असेल. पण आज त्याचा पाय काळानिळा पडलाय म्हणून ओरडत असेल, तर ते बघायला चादर उचलावी लागते. नवा माणूस पाळीवर येतो तेव्हा पेशंटला दोन ताजे डोळे मिळतात. हँडओव्हरचा हा एक फायदा आहे आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. जुन्या टीमच्या नजरेतून निसटलेलं नव्याने पकडल्याचं मी कित्येकदा पाहिलंय. जुन्याचा चष्मा नव्याने तसाच्या तसा डोळ्यांवर चढवला की तो फायदा गेला.

ठरावीक साच्याबद्दल मला शंका नाहीत असं समजू नका. साचा लागतो. दमलेल्या डोक्याला रूळ हवेतच. पण साचा आला की दुसऱ्या दिवसापासून त्याचं कर्मकांड व्हायला लागतं. आता बहुतेक ठिकाणी हँडओव्हरची यादी कॉम्प्युटरवर असते. कालचीच उघडायची, दोन शब्द बदलायचे, प्रिंट काढायची. परिणामी तीन दिवसांपूर्वी काढलेली नळी कागदावर अजून पेशंटच्या पोटात असते, आणि बंद केलेलं अँटिबायोटिक रोज 'दुसरा दिवस' असतं. असा कागद कोऱ्या कागदापेक्षा वाईट, कारण कोऱ्या कागदावर कोणी विश्वास टाकत नाही. आय-पासच्या अभ्यासातही नऊपैकी सहाच रुग्णालयांत चुका लक्षणीय कमी झाल्या होत्या. पद्धत सगळीकडे एकच होती. म्हणजे पद्धतीच्या पलीकडे काहीतरी आहे, आणि माझा अंदाज असा की ते म्हणजे कोण ऐकायला उभं राहिलं आणि कोण नाही. त्या प्रशिक्षणात कार्यशाळा होती, एकमेकांत भूमिका घेऊन सराव होता, आणि वरिष्ठांना स्वतः शिकून, प्रत्यक्ष हँडओव्हर चालू असताना शेजारी उभं राहून निरीक्षण नोंदवायचं होतं. जिथे जिथे ही पद्धत 'राबवली' असं मला सांगण्यात आलं, तिथे खिशात ठेवायचं कार्ड होतं आणि भिंतीवर पोस्टर होतं. शेजारी उभं राहणारा माणूस नव्हता.

याच कारणासाठी मला फेरारीच्या गोष्टीचाही थोडा कंटाळा आलाय. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट बालरुग्णालयातल्या डॉक्टरांनी हृदयाच्या ऑपरेशननंतर मूल आयसीयूत हलवताना होणारा गोंधळ कमी करायला मोटार शर्यतीतल्या पिट क्रूची मदत घेतली, हे प्रत्येक परिषदेत व्हिडिओसकट दाखवलं जातं. लोक चाकं बदलण्याचा वेग बघून थक्क होतात. त्या मंडळींना तिथून मिळालेली कामाची गोष्ट वेगाची नव्हतीच. शर्यतीत या क्षणी कोणाच्या हातात सूत्रं आहेत हे सगळ्यांना माहीत असतं. ऑपरेशननंतरच्या गर्दीत ते धूसर होतं. त्यांनी ते ठरवून घेतलं, कामं वाटून दिली, आणि वायरी-नळ्या जोडणं आधी, बोलणं नंतर असा क्रम लावला.

जबाबदारी नेमकी कुठल्या क्षणी हलली, हा प्रश्न वॉर्डातही तेवढाच धूसर आहे. सव्वाआठला रिपोर्ट आला, जाणारा अजून वॉर्डातच होता, येणाऱ्याने ॲप्रन चढवलेला होता: रिपोर्ट कोणाचा? दोघांनाही वाटतं, दुसऱ्याचा. अमेरिकन वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने २०१४ मध्ये, पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या डॉक्टरला पहिल्या दिवशी थेट देखरेखीशिवाय जमलीच पाहिजेत अशा १३ कामांची यादी केली. आठवं काम हँडओव्हरचं आहे: देणं किंवा घेणं, आणि तेही जबाबदारीचं हस्तांतर म्हणून. अंतिम परीक्षेत आपण मुलांना प्लीहा हाताला लागते का ते विचारतो. विचारावंच. पण प्लीहा वाढलेला पेशंट पहिल्या नोकरीत महिन्यातून एखादा भेटेल आणि हँडओव्हर पहिल्याच दिवशी संध्याकाळी करावा लागेल. परीक्षेत तो ठेवला तर दहा मिनिटं लागतील: चार पेशंटचे केस पेपर द्या, एकाला द्यायला लावा, दुसऱ्याला घ्यायला, आणि गुण घेणाऱ्याने विचारलेल्या प्रश्नांनाही ठेवा. परीक्षेत जे येत नाही ते मुलं वाचत नाहीत, हे आपण सगळे याच मार्गाने आलो असल्यामुळे वेगळं सांगायला नको.

माझ्या हातात परीक्षा नाही, म्हणून मी दोन गोष्टी करतो. एक, आठवड्यातून दोनदा संध्याकाळी काही न बोलता हँडओव्हर ऐकतो आणि नंतर दोघांना वेगवेगळं विचारतो, सगळ्यात काळजीचा पेशंट कोणता? उत्तरं जुळली नाहीत तर त्यांनाच एकमेकांशी बोलायला सोडतो. सुरुवातीला उत्तरं इतक्या वेळा जुळत नाहीत की मुलं ओशाळतात. दुसरी, सकाळचा उलटा हँडओव्हर: रात्रीच्या डॉक्टरने आदल्या संध्याकाळच्या डॉक्टरला दोन मिनिटांत सांगायचं, तू सांगितलेल्यातलं काय उपयोगी पडलं आणि तू न सांगितलेलं काय अंगावर आलं. चुकीचं बिल योग्य पत्त्यावर पोचवायची एवढीच युक्ती मला सुचली आहे. सुरुवातीला यावरून भांडणं झाली. कमीत कमी एकदा तरी मला मध्ये पडावं लागलं.

आणि यादी एक नंबरपासून वाचायची नाही. सुरुवातीच्या पेशंटना शेवटच्यांपेक्षा जास्त वेळ मिळतो, असं अभ्यासांतही दिसलंय आणि ते कोणालाही दिसेल. बेडचा नंबर हा काही आजाराचा नंबर नाही. ज्याची भीती वाटते तो आधी, मग तो तिसाव्या बेडवर का असेना.

मागच्या महिन्यातली एक संध्याकाळ. सांगणारी मुलगी इंटर्न, घेणारा तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. मी भिंतीला टेकून उभा होतो.

"सर, आधी बारा नंबर. न्यूमोनिया, तिसरा दिवस. ताप उतरलाय, ऑक्सिजन ९५, बीपी ठीक, रिपोर्ट कालच्यापेक्षा चांगले आहेत." मग ती अडखळली. "पण मला ती ठीक वाटत नाहीये."

"म्हणजे?"

"दुपारी माझ्याशी नातीबद्दल बोलत होती. आता विचारलं की नुसती मान हलवते. सांगण्यासारखं काही नाही, सर."

त्याने पेन खिशाला लावलं. "दुपारी म्हणजे किती वाजता? तेव्हा श्वास किती होता?"

"अडीचला. अठरा. आत्ता मी मोजला नाही."

"चल, मोजू या," तो म्हणाला. अजून एकवीस पेशंट सांगायचे बाकी होते. दोघं बारा नंबरकडे गेले आणि ती निघताना खांद्याला अडकवलेली बॅग तशीच ठेवून पडदा ओढून घ्यायला लागली.